एफडी मोडू नका, बाबा

नागपूर

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर एफडीचा विषय निघाला की आपले आवाज चढतात आणि दादाला मध्ये पडावं लागतं, म्हणून लिहायला बसले. बाबा, ती मोडून तुम्हाला एआय कंपन्यांच्या फंडात पैसे घालायचेत, पण ती एफडी आईच्या दुसऱ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची आहे. पहिल्याचे टाके निघाले, आई वॉकर सोडून भिंत धरून चालायला लागली, सगळं छान. पण दुसऱ्याचं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, ते काही तुमच्या एआय फंडासाठी थांबणार नाही.

एआय फसवं आहे असं मी म्हणतच नाही. इथे मिहानला, आमच्या आयटी कंपनीच्या ऑफिसात, रोज बघते. ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देणं, बारीकसारीक दुरुस्त्या, ही कामं नवी पोरं करायची. आता त्यातलं बरंचसं आपोआप होतं आणि पोरं बेंचवर, म्हणजे कामाविना, बसून राहिली. त्यातल्या काटोलच्या एकाने घरी अजून सांगितलेलं नाही. सकाळी आईच्या हातचा डबा घेऊन येतो, तो खातो, परत जातो. माझी नोकरी सध्या आहे. तुम्ही हसत म्हणालात, "तुझी गेली तर इकडे शेअर तर वाढतील!" बोलणं लागलं, पण हिशेब म्हणूनही तो पटत नाही.

तंत्रज्ञान खरं निघालं म्हणजे शेअर चढेलच असं थोडंच आहे? अमेरिकेतल्या शेअर बाजाराचा नॅसडॅक निर्देशांक 10 मार्च 2000 ला 5,048 वर होता. ऑक्टोबर 2002 पर्यंत त्यातले जवळपास 78 टक्के गेले, आणि तो आकडा पुन्हा दिसायला 2015 उजाडलं. इंटरनेट मात्र तोवर पानठेल्यापर्यंत पोचलं होतं. पंधरा वर्षं, बाबा. तुम्ही आज 72 चे आहात.

एम्प्रेस मिलची गोष्ट तर तुमचीच. जमशेदजी टाटा दलदलीत भराव टाकत होते तेव्हा इथला एक सावकार म्हणाला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय. 1877 ला गिरणी सुरू झाली, पुढे सूत कातायच्या नव्या रिंग स्पिंडल आल्या, नफा वाढला आणि तोच सावकार म्हणाला, यांनी माती टाकली अन् सोनं काढलं. तुम्ही गोष्ट नेहमी इथेच थांबवता. पुढे ती गिरणी बंद पडली, आता तिथे मॉल आहे आणि आई त्याच्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवत नाही. सोनं निघालं हे खरंच. पण कोणत्या साली आणि कोणाच्या हाती, ते गोष्टीत कुठे येतं?

विम्याची फाइल शोधताना तुमची लोखंडी पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात तुमची 2000 सालची शेअर सर्टिफिकिटं सापडली: हिरवट कागद, कोपऱ्यात गंजलेली पिन, फोलिओ नंबर शाईने. त्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीचा आता मागमूस नाही. त्याच वर्षी माझ्या फीसाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. आई, तू त्यावर कधी अवाक्षर काढलं नाहीस, म्हणून मीच काढते.

मात्र एक सर्टिफिकिट जिवंत आहे, साध्या पंप बनवणाऱ्या कंपनीचं, जिचं नाव तुम्ही कधीच घेत नाही. सात वर्षं लाभांश न उचलल्याने ते शेअर सरकारच्या आयईपीएफकडे, म्हणजे गुंतवणूकदारांसाठीच्या निधीकडे, गेलेत. परत मिळतात. आयईपीएफ-5 अर्ज मी ऑनलाइन भरते. कागदी शेअर 2019 च्या एप्रिलपासून विकता येत नाहीत, तेव्हा तुमच्या नावाचं डिमॅट, म्हणजे शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायचं, खातंही लागेल. अडचण सहीची आहे. तेव्हाची तुमची सही तारेसारखी सरळ, आत्ताची हलते, ती जुळणार नाही. त्यासाठी बँकेकडून सही साक्षांकित करून घ्यायचा वेगळा फॉर्म असतो, तो दादाला पाठवलाय. मॅनेजरसमोर जशी येईल तशीच करा, जुनी गिरवत बसू नका. आणि त्या टिप देणाऱ्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून आजच बाहेर पडा. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, दादाच्या मित्रालासुद्धा.

तुमची,
ताई