कलेक्टर कचेऱ्यांचा इतिहास नामफलकावर मावत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनातील नामफलक आपल्या अनेक वाचकांनी पाहिला असेल. पहिल्या इंग्रज कलेक्टरपासून आजच्या अधिकाऱ्यापर्यंतची नावे आणि कारकिर्दीच्या तारखा त्यावर ओळीने लिहिलेल्या असतात. जुन्या कचेरीविषयी काही लिहायचे झाले की बहुधा हीच यादी, दगडी इमारतीचे एक छायाचित्र आणि दोन-तीन किस्से एवढ्यावर काम भागवले जाते. माझ्या मते हा त्या कचेरीचा इतिहास नव्हे. कोणता मुलूख केव्हा कोणत्या कचेरीखाली होता, आत कोणते काम कोणाकडे होते आणि त्या कामाचे कागद पुढे कोठे गेले, हा खरा इतिहास आहे. जुनी दफ्तरे नव्या इमारतींत हलवली जात असताना आणि त्यांचे स्कॅनिंग चालू असताना तो जिल्हावार लिहून घेणे निकडीचे झाले आहे.

रत्नागिरीचेच उदाहरण घ्यावे. पेशवाई बुडाल्यानंतर दक्षिण कोकणाचा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा त्याचे मुख्य ठाणे बाणकोटला होते. ते १८२२ मध्ये, अधिक मध्यवर्ती जागा म्हणून, रत्नागिरीस आले. १८३० मध्ये बाणकोट खाडीच्या उत्तरेकडील तीन तालुके उत्तर कोकणाला, म्हणजे ठाणे येथील कचेरीकडे, जोडले गेले आणि रत्नागिरीचा दर्जा उतरून ती सब-कलेक्टरची कचेरी झाली. दोनच वर्षांनी, १८३२ मध्ये, तिला पुन्हा पूर्ण कलेक्टरेटचा दर्जा मिळाला. पुढे १८६९ मध्ये कुलाबा (आजचा रायगड, मुख्य ठाणे अलिबाग) हा ठाण्यापासून वेगळा जिल्हा झाला. आता याच भागातील माणगावच्या बाजूच्या एखाद्या गावाची एकोणिसाव्या शतकातील जमाबंदी पाहायची असेल तर काय करावे लागेल, याचा विचार करावा. कागद १८३० पूर्वीचा असेल तर त्याचा मूळ पत्रव्यवहार दक्षिण कोकणचा, नंतरचा असेल तर ठाण्याचा, आणि १८६९ नंतरचा असेल तर कुलाब्याचा. गाव जागचे हलले नाही, कचेऱ्या मात्र तीन झाल्या. आज अलिबागला चौकशी करून ‘जुने काही नाही’ असे उत्तर घेऊन परतणाऱ्याला हे सांगणार कोण?

खानदेशाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या हाती आलेल्या या जिल्ह्याचे ठाणे धुळ्याला झाले. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा निर्माण करताना त्याचा काही भाग तिकडे गेला. १९०६ मध्ये उरलेल्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन तुकडे झाले, पूर्व म्हणजे आजचा जळगाव, आणि पश्चिम म्हणजे धुळे, ज्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. जळगावच्या नामफलकाची सुरुवात १९०६ पासून होणे स्वाभाविक आहे, पण त्या मुलखाच्या महसुली कारभाराची सुरुवात तेव्हा झालेली नाही.

कचेरीच्या आतील रचनाही कोठे एकत्र मांडलेली सापडत नाही. पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाचा इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टन याने तो मुलूख पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड अशा कलेक्टरांकडे सोपवला तेव्हा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली मक्त्याची, म्हणजे महसूल वसुली ठेक्याने देण्याची, पद्धत बंद केली, परंतु मामलेदार, पाटील, कुलकर्णी ही उतरंड बहुतांशी ठेवली. १८२७ च्या कायदेसंहितेनंतर दिवाणी न्यायाचे काम जज्जाकडे गेले. फौजदारी अधिकार मात्र कलेक्टरकडे दीर्घकाळ राहिले आणि मुंबई राज्यात ते वेगळे करण्याचा कायदा १९५१ मध्ये झाला. कलेक्टरच्या हाताखाली पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस, जमाबंदी व हिशेबाचे कागद सांभाळणारा दफ्तरदार, तिजोरीची जबाबदारी असलेला हुजूर डेप्युटी कलेक्टर, प्रांत आणि त्यांच्याखाली तालुक्याचे मामलेदार अशी ही यंत्रणा होती. साहेब बदलत राहिले, कचेरी चालवली ती या मंडळींनी, आणि फलकावर नेमकी त्यांचीच नावे नाहीत. शिवाय पावसाळा सरला की साहेब तंबू घेऊन फिरतीवर निघत आणि कचेरीचा मोठा भाग त्यांच्याबरोबर चाले, म्हणून अनेक हुकुमांवर एखाद्या खेड्याचा मुक्काम आढळतो. इमारतीचा इतिहास म्हणजे कचेरीचा इतिहास असे मानणाऱ्यांनी हे मुक्काम एकदा वाचावेत.

कोणी म्हणेल, हे सारे जेम्स कॅम्बेल यांच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे जिल्हावार माहितीच्या सरकारी ग्रंथमालेत, आहे. सरहद्दींचे फेरफार त्यांत आहेत हे खरे, आणि ते काम थोर आहे यात शंका नाही. परंतु यातले बहुतेक जिल्हा-खंड १८८० च्या दशकातले आहेत. १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा, अँडरसन यांच्या महसुली हिशेबांच्या मॅन्युअलने घालून दिलेले गाव नमुने, ज्यांत आपला सात-बारा येतो, हे सगळे त्यांच्या नंतरचे. आणि कोणता कागद कोणत्या रेकॉर्ड रूममध्ये आहे हे सांगणे गॅझेटियरचे कामही नव्हते.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जिल्ह्याने आपल्या कचेरीचा अधिकारक्षेत्राचा इतिहास, तालुक्यांच्या जुन्या नावांसह आणि फेरफारांच्या तारखांसह, एका छोट्या पुस्तिकेत छापावा, आणि शेजारच्या जिल्ह्यांकडे गेलेल्या वा त्यांच्याकडून आलेल्या दफ्तरांची नोंद त्यात द्यावी. स्कॅनिंग करताना रुमालांचे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांचे, मूळ क्रमांक बदलू नयेत. जुन्या टिपणांत संदर्भ त्याच क्रमांकांनी दिलेले असतात आणि ते पुसले की दोन कागदांचा परस्परसंबंध कायमचा तुटतो. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे आणि ‘ड’ वर्गाचे वर्षभराने काढून टाकायचे, ही पद्धत रास्त असली तरी जुन्या मोडी कागदांचा वर्ग मोडी वाचता येणाऱ्या माणसाने ठरवावा. मोडी जाणणाऱ्यांची एक तुकडी विभागीय पातळीवर नेमली तर सर्व जिल्ह्यांना तिचा उपयोग होईल, आणि पहिले काम म्हणून तिने रत्नागिरी, ठाणे व अलिबाग या तीन कचेऱ्यांच्या १८६९ पूर्वीच्या दफ्तरांची एकत्र यादी करावी.

कळावे,
आपला,
एक वाचक