जोत्याचे दगड नाल्यात टाकू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायचं कारण असं की मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतलं अजून एक जुनं घर पाडलं. पाडू देत, त्यांचं घर आहे, भिंती फुगल्या होत्या आणि पोरांना स्लॅबचं घर पाहिजे होतं. माझंही पुढचं अर्धं घर स्लॅबचंच आहे त्यामुळं त्यावर मी काही बोलणार नाही. पण जेसीबीनं जोतं उचकटलं आणि ते काळे घडीव दगड, दोन-अडीच फूट लांब, वर अजून टाकीचे (छिन्नीचे) घाव दिसतात असे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून सरळ नाल्याच्या काठाला नेऊन ओतले. मी विचारलं तर म्हणाले, घेऊन जा की, कुणाला पाहिजेत? आणि त्याच घराला मागं परड्यात उतरायला पायऱ्या करायच्या आहेत म्हणून बेळगावहून चकचकीत ग्रॅनाइट आणायचं ठरलंय. हे बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला राहतो. आमच्याकडं सपाट परडं कुणाचंच नाही, घर वर, विहीर खाली आणि मधे लाल मातीचा उतार. त्या उतारावर आंबा, एक फणस, आईची अबोली आणि जास्वंद. लहानपणी नुसती पाऊलवाट होती, पावसात शेणासारखी मऊ व्हायची आणि आम्ही घसरतच विहिरीवर जायचो. घर बांधलं तेव्हा एका काँट्रॅक्टरला सांगून विटा-सिमेंटच्या पायऱ्या करून वर टाइल्स लावून घेतल्या, फोटो काढून पाहुण्यांना व्हॉट्सअपवर पाठवला, सगळे म्हणाले झकास. पहिला पावसाळा निघाला. दुसऱ्या वर्षी आषाढात तिसऱ्या पायरीवर पाय ठेवला की आतून डब डब असा पोकळ आवाज यायला लागला, मी म्हटलं बघू दिवाळीत. दिवाळीपर्यंत थांबली नाही ती, श्रावणात एका सकाळी आई परडीत फुलं घेऊन वर येताना टाइल कलली आणि आई आडवी झाली, मनगट मोडलं. काँट्रॅक्टर आला, कमरेवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, जमीनच खचली तर मी काय करणार?" राग आला पण नंतर कळलं की बोलला ते अर्धं खरं होतं. जमीन खचलीच होती, फक्त ती खचणार हे आधी बघणं त्याचं काम होतं आणि माझंही.

मग गावातल्या वडार मामांना बोलावलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, घरात तेलुगूच्या अंगाची त्यांची बोली, आमच्याशी मराठी आणि हुक्केरीकडच्या सुनेशी कन्नड, तिन्ही भाषांत शिव्या सारख्याच ताकदीच्या. मला वाटलं येऊन मोडलेल्या पायऱ्या बघतील. तर पायऱ्यांकडं ढुंकून बघितलं नाही, छत्री घेऊन वर घराच्या कोपऱ्याला जाऊन उभे राहिले. पाऊस चालू होता. "पाणी कुठनं येतंय ते आधी दाव," म्हणाले. छपराचं पाणी पन्हळीतून पडत होतं ते थेट पायऱ्यांच्या डोक्यावर, तिथून पाठीमागच्या मातीत मुरत होतं आणि सगळ्यात खालच्या पायरीच्या बुडातून तांबडं लाल होऊन बाहेर येत होतं. म्हणजे दोन वर्षं रोज थोडी थोडी माती पायऱ्यांखालून धुऊन विहिरीकडं चालली होती आणि आम्ही वरून टाइल्स फिनाइलनं पुसत होतो.

मामांनी त्या दिवशी काहीच केलं नाही, पावसात दगडाला हात लावायचा नाही म्हणाले. मी म्हटलं मग तोवर आई खाली कशी जाणार, तर म्हणाले, "कशाला घाई करूलालास, तिचा हात बरा व्हायला पाहिजे की आधी." दिवाळीनंतर काम काढलं. माती तेव्हा ओलसर असते, खणायला हलकी आणि ठोकून दाबली की बसते, आणि मृगाचा पाऊस यायच्या आत सगळं जागच्या जागी मुरायला पाच-सहा महिने मिळतात. उन्हाळ्यात आमची लाल माती विटेसारखी होते, टिकाव उडतो.

दगड आणायला नाल्यावर गेलो. हो, त्याच नाल्यावर, त्याआधी पाडलेल्या दोन घरांची जोती तिथंच पडलेली. मालकांना विचारून, त्यांच्या हसण्याकडं दुर्लक्ष करून बावीस दगड आणले. एकेक दगड सव्वाशे-दीडशे किलोचा, दोन पहारी आणि तीन लोखंडी पाइपचे तुकडे, पाइप खाली सारायचे आणि दगड त्यावरून ढकलायचा, मागचा पाइप मोकळा झाला की पुढं आणून टाकायचा. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं ते तिथंच. मामा म्हणाले दगडाला हात घालताना बोटं कुठं आहेत ते बघायचं, दगड कुठं आहे ते दगडाला माहीत असतंय.

आता मापाचं सांगतो कारण लोक इथंच चुकतात. पारदर्शक नळीत पाणी भरून लेवल काढली, वरच्या अंगणापासून खालच्या सपाटीपर्यंत उंची ७२ इंच भरली आणि आडवं अंतर १६ फूट. आमच्या जुन्या टाइलच्या पायऱ्या कशा होत्या तर आठ पायऱ्या साडेआठ इंच उंचीच्या आणि उरलेली शेवटची चार इंचाची! पायाला एक सवय लागलेली असते आणि शेवटी ती मोडली की माणूस तोंडावर जातो. बागेत एका पायरीचा चढ पाच ते सात इंचाचाच बरा, त्यातून म्हातारी माणसं असतील तर सहाच्या वर जाऊच नये. ७२ भागिले ६, म्हणजे बारा चढ, सगळे सारखे. आणि पाऊल ठेवायची खोली १४ इंच. गवंडी लोकांचा हिशोब असा की चढ दोनदा धरायचा, त्यात खोली एकदा मिळवायची आणि बेरीज २४ ते २६ इंचाच्या आसपास यायला पाहिजे, आमची ६, ६ आणि १४ मिळून बरोबर २६ आली. सहा चढ झाले की मधे चार फुटांहून थोडा मोठा सपाट टप्पा सोडला. आई तिथं थांबून अबोली तोडते आणि शेजारणीशी बोलते, त्यामुळं आता विहिरीवरून यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो ते वेगळं.

काम खालून वर. हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं वरून खाली. खालचा पहिला दगड जवळजवळ सगळा जमिनीत गाडला, फक्त तोंड वर, कारण वरच्या सगळ्यांचा रेटा शेवटी त्याच्यावर येतो. प्रत्येक पायरीखाली सहा इंच खणून खडी आणि क्रशरची पूड घातली आणि पाणी मारून धुम्मसानं ठोकली, एकदम सहा इंच नाही, दोन-दोन इंचांचे थर करून, मधेच मी कंटाळून चार इंच टाकलं तर मामांनी सगळं उकरायला लावलं. त्यावर दगड. वरच्या दगडाची पुढची कड खालच्या दगडाच्या पाठीवर किमान दोन इंच चढलेली पाहिजे, म्हणजे १४ इंच पाऊल हवं तर दगड १६ इंच खोल लागतो. एका पायरीला दोन दगड लागले तर सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, विटेसारखंच. डुगडुगणाऱ्या दगडाखाली पुढून दगडाची चिप मारायची नाही, मागून मारायची, पुढची चिप दोन पावसाळ्यांत निसटते. आणि प्रत्येक दगडाला पुढच्या बाजूला फुटाला पाव इंच असा अगदी नजरेला न दिसणारा उतार, पाणी साठायला नको म्हणून. मामा प्रत्येक दगडावर तांब्याभर पाणी ओतून बघत होते, पाणी पुढून गेलं तर पुढचा दगड, मागं वळलं तर परत पहार.

सिमेंट एक पोतंसुद्धा लागलं नाही. दगडाच्या फटीतून पाणी खाली जातं, खडीतून निघून जातं, मागं कोंडून राहत नाही. सिमेंटनं सगळं बंद केलं की पाणी मागं तुंबतं आणि जिथं कमजोर सापडेल तिथून फोडतं. पण खरी मेख वर आहे. पायऱ्यांच्या डोक्यावर, अंगणाच्या कडेनं, आडवा एक फूट खोल चर काढला, त्यात मोठी खडी भरली आणि पन्हळीचं पाणी त्यात सोडून बाजूनं फणसाच्या बुंध्याकडं काढून दिलं. दोन्ही कडांना गवती चहा लावला, मुळ्या माती धरतात आणि चहालाही होतो. तीन पावसाळे झाले. एक दगडही हललेला नाही, आणि गेल्या वर्षी कसला पाऊस झाला आमच्याकडं ते सांगायला नको.

आता सगळीकडं हेच चालेल असं नाही, आपला जिल्हा मोठा आणि जमिनीही निरनिराळ्या. आमच्याकडं कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला, जिथं मलप्रभा उगम पावते तिकडं, जांभा दगड मुबलक आहे. त्याचा चिरा खाणीतून ताजा काढला की कुऱ्हाडीनं तासता येतो इतका मऊ आणि वारा लागला की घट्ट होतो, भिंतीला, गडग्याला एक नंबर, पण पायरीची कड त्याची झिजते आणि पाणी पिऊन शेवाळ धरतो, म्हणून पायरीच्या तोंडाला तो नको, बाजूच्या भिंतीला खुशाल वापरा. गोकाककडं थराथरानं निघणारा वालुकाश्म आहे, सपाट लाद्या आपोआप मिळतात, पण जाड बघून घ्या. शहाबादी फरशी स्वस्त म्हणून बागेत घालतात, एक-दीड इंचाची फरशी खाली पोकळ राहिली की तडकते. आणि बैलहोंगल-अथणी भागातल्या काळ्या जमिनीत तर अजून सांभाळून, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिथं सहा इंच खडीनं भागत नाही, काळी माती जास्त खोल काढून मुरूम भरल्याशिवाय दगड ठेवूच नये. आमचे एक पाहुणे तिकडं आहेत, त्यांच्या पायऱ्या दरवर्षी नाचतात.

आणि बागेवरून आठवलं म्हणून देवळाचंही लिहितो. आसपासच्या एका गावातल्या देवळाच्या जुन्या काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर जीर्णोद्धारात पॉलिशचं ग्रॅनाइट चिकटवलं. हेतू चांगलाच होता, वर्गणी गावानंच काढली, मीही दिली. पण आता पावसाळ्यात तिथं गोणपाट अंथरावं लागतं! खाली टाकी मारलेला दगड, ज्यावर ओल्या पायानं कुणी घसरत नव्हतं, तो झाकून वर आरसा बसवला आणि आरशावर गोणपाट. ग्रॅनाइटच पाहिजे असेल तर निदान फ्लेम फिनिशचं किंवा टाकी मारलेलं घ्या, खरखरीत असतं, पाय धरतं.

माझी विनंती दोन. एक, ज्यांची जुनी घरं पाडायची आहेत त्यांनी जोत्याचे, उंबऱ्याचे दगड बाजूला रचून ठेवावेत, स्वतःला नको असतील तर गावात विचारावं, ग्रामपंचायतीनंही एखाद्या कोपऱ्यात जागा द्यावी. पुन्हा असे हातानं घडवलेले दगड करून घ्यायला गेलात तर मजुरी ऐकून परत याल. दुसरं, आपल्या पेपरात घर-बांधकामाचं काही ना काही येतच असतं, त्यात कधीतरी अशा दगड घडवणाऱ्या जुन्या माणसांना बोलतं करा. आमच्या मामांचा मुलगा क्रशरवर कामाला आहे, नातू बेळगावात मोबाइल दुरुस्त करतो. मामा पायरीला कधी पायरी म्हणतात, कधी कन्नडात पावटिगे, पण दगडावर हातोडीची मूठ आपटून आवाजावरून आत भेग आहे की नाही हे सांगतात ते घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. मी शिकायचा प्रयत्न केला, मला सगळे आवाज सारखेच येतात.

येत्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीत अजून दोन घरं उतरणार आहेत म्हणून शक्य तर त्याआधी छापा. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागेअभावी कापलंत तरी हरकत नाही, देवळाचा भाग कापा, माझ्या नखाचा कापा, पण वरच्या चराचा तेवढा कापू नका.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका