भीमेलाही पाळी द्या

संपादक साहेब, नमस्कार.

भीमेवरच्या उजनी धरणात ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा, म्हणजे वापरायचं ते ५४ टीएमसीच्या आसपास. कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्यांवरून दरवर्षी भांडणं होतात पण नदीसाठी किती ठेवायचं हे कुणी विचारतच नाही. सोलापूर शहरासाठी औज बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडलं की भीमा तेवढे दिवस वाहते, नंतर परत डबकी. उन्हाळ्यात पंढरपूरला वाळवंटात जाऊन बघा, हिरवं शेवाळ, कडेला मेलेले मासे, त्यातच लोक श्रद्धेने डुबकी मारतात, फार वाईट वाटतं.

आमचाही काठावर ऊस आहे. पाणी सोडलं की नदीकाठची लाईट बंद करतात, का तर मोटारी पाणी ओढतात म्हणून. उभं पीक डोळ्यासमोर वाळतं, त्या शेतकऱ्याला चोर समजू नका, त्याला पाळीची तारीख आधी कळली तर तो कशाला रात्री मोटार टाकेल!

२०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत नदीच्या पर्यावरणासाठी प्रवाह राखून ठेवायचं स्पष्ट लिहिलंय. मग पाणीवाटप ठरवणाऱ्या कालवा समितीच्या बैठकीत सिंचन आणि पिण्याच्या पाण्याबरोबर नदीचा हिस्साही सुरुवातीलाच धरा, एकदम लोंढा सोडण्यापेक्षा थोडं थोडं सोडा, आणि बंधाऱ्यांचे बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) सगळे गच्च न बसवता खालून थोडी धार चालू ठेवा. त्या बदल्यात ऊसवाल्यांना ठिबकचं अनुदान वेळेवर मिळालं पाहिजे, नाहीतर झळ फक्त आम्हालाच.

– एक शेतकरी, सोलापूर