फॉरमॅट न मारता

मिरज,
रविवार, रात्री

चि. निखिलास अनेक आशीर्वाद.

सारखा निळा पडदा दाखवून बंद पडणारा कॉम्प्युटर चालू झाला. फॉरमॅट न मारता. फोनवर सांगितलं असतं तर तू "बरं झालं" म्हणून मोकळा झाला असतास, म्हणून लिहितेय.

मंगळवारी तू म्हणालास, "आई, फॉरमॅट मार, अर्ध्या तासाचं काम." कोपऱ्यावरच्या दुकानदाराचंही तेच, सगळं पुसून विंडोज नव्यानं टाका. तुमचा अर्धा तास रे! माझे जुने फाँट, दोन लग्नपत्रिका, एका बाईंचा अर्धा टाइप झालेला प्रबंध, हे सगळं पुन्हा कोण लावून देणार होतं?

मग वहीच काढली. निळा पडदा कधी येतो? नेट जोडलं की चार-पाच मिनिटांत. अक्षरं वाचेपर्यंत मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायचं, म्हणून मोबाइल रोखून बसले आणि फोटो टिपला. वर 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' असं मारुतीच्या शेपटासारखं नाव. त्याखाली 'व्हॉट फेल्ड', आणि पुढे .एसवायएस असं शेपूट असलेली एक फाइल. त्या ओळीकडे आजवर तू पाहिलं नव्हतंस, मीही नाही. मोबाइलवर शोधलं तर ती फाइल वाय-फाय डोंगलच्या, म्हणजे नेटसाठी यूएसबीत खोचलेल्या त्या कांडीच्या, ड्रायव्हरची निघाली. ड्रायव्हर म्हणजे ती कांडी विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्रॅम. डोंगल उपसला. दिवसभर पडदा निळा झाला नाही, पत्रिका सुटल्या.

एवढ्याशा डोंगलनं सगळं मशीन का बसावं, हे मला पटेना. वाचलं तेव्हा कळलं. वर्ड अडकलं तर वर्डच बंद होतं. बहुतेक ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात काम करतात. मंडपात कुणी धडपडलं तरी आरती चालू राहते, गाभाऱ्यात समई कलंडली की थांबवावीच लागते. ड्रायव्हरनं मेमरीत नको तिथे हात घातला, की आणखी नासधूस नको म्हणून विंडोज स्वतःच थांबतं. १९ जुलै २०२४ला विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहून देत होते, आठवतं? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख मशिनं अशीच बसली होती. त्यांतलीही बरीच सेफ मोडमध्ये नेऊन, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतं चालू करून, एक फाइल पुसूनच उठवली.

मीही तीच वाट धरली. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४. सेफ मोडमध्ये नेटवर्कचा ड्रायव्हर चढतच नाही, म्हणून डोंगल लावून ठेवता आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीज उघडल्या. 'इव्हेंट्स'मध्ये सोमवारी रात्री ड्रायव्हर बदलल्याची नोंद! अपडेट आलं होतं, आणि मी "काही केलं नाही" म्हणून तुझ्याशी भांडत होते. 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबलं, जुना ड्रायव्हर परत आला. नशीब, ते बटण करडं नव्हतं. मागचा ड्रायव्हर शिल्लक नसेल तर ते दाबताच येत नाही.

तू सांगितलेलं एसएफसी स्कॅननाऊ त्याआधीच चालवलं होतं. पंधरा मिनिटांनी म्हणालं, काही बिघाड नाही. बरोबरच आहे, ते विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासतं. डोंगलवाल्यांचा ड्रायव्हर त्यात येत नाही. तोंडपाठ कमांड सांगण्याआधी फोटो मागायचा होतास.

आता एकच काम तुझ्याकडे. तेच अपडेट पुन्हा येऊन बसेल, म्हणून अपडेट आठवडाभर थांबवलंय. डोंगलचा हार्डवेअर आयडी, म्हणजे बनवणारा कोण आणि वस्तू कोणती हे सांगणारा तो व्हीआयडी-पीआयडीचा आकडा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. त्याच आकड्याचा नवा ड्रायव्हर डोंगलवाल्यांच्या साइटवर आलाय का बघ. कुठल्याही 'ड्रायव्हर अपडेटर'चं पिल्लू मात्र पाठवू नकोस, मागचं काढताना माझा आख्खा रविवार गेला होता.

पुढच्या रविवारच्या आत कळव. आणि येताना चिवड्याचा डबा आण, हा तिसरा गेलाय.

तुझी,
आई