दादा, त्या संध्याकाळी तुम्ही मला ते बटण दाबू दिलं नाहीत

दादा, नमस्कार. फोनवर थँक्यू म्हटलं होतं पण तेवढ्यानं मन भरलं नाही, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय, माझ्यासारखं ऑफिसात एकटीनं मेल सांभाळणारं कोणी असेल तर त्यांच्याही कामी येईल.

आमचं ऑफिस सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीचं. शेठचा नियम एकच, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मेलची कॉपी त्यांना आणि सीए साहेबांना गेलीच पाहिजे. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गणपती पेठेत शिरलं तेव्हा जुन्या दुकानातल्या वह्या, पावत्या, भावाची पत्रं सगळ्याचा लगदा झाला, तेव्हापासून ते म्हणतात कागद दोन घरी असावा. मला पटतं ते. पण दिवसाला तीस-चाळीस मेल, एखाद्यात सीसी (कॉपी कोणाला जाते तो रकाना) टाकायचं राहायचंच, आणि एकदा राजापुरी हळदीचा भाव मी मेलवर कळवलेला शेठना माहीतच नाही, त्यांनी फोनवर दुसराच सांगितला. त्या दिवशी मी डबा उघडला नाही.

मग मी आउटलूकमध्ये, म्हणजे आमच्या मेलच्या प्रोग्राममध्ये, रूल केला (हे आपोआप कर असा कायमचा नियम), सीसी जायला लागलं, पण गिऱ्हाइकाला सीएंचा पत्ता दिसायला लागला, आणि बीसीसीचा, म्हणजे इतरांना न दिसता कॉपी जाण्याचा, पर्याय शोधून शोधून दमले. तो रूलमध्ये नसतोच हे तुमच्याकडून कळलं. विश्रामबागहून गाडी काढून आलात, दोन तास बसून मॅक्रो, म्हणजे आउटलूकच्या आतच चालणारा छोटा प्रोग्राम, लिहून दिलात, आता सेंड दाबलं की मेल बाहेर पडायच्या आधी दोन्ही पत्ते आपोआप बीसीसीत बसतात. हे जुन्या आउटलूकमध्येच चालतं, नव्यात मॅक्रो चालत नाही, म्हणून नव्यावर जाऊ नका हेही बजावलंत. (थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्राम वापरणाऱ्यांना एवढी खटपट नाही, अकाउंट सेटिंगमध्येच पत्ता टाकता येतो.) शेठना सांगितलंत, बीसीसीत आलेल्या मेलला रिप्लाय ऑल करायचं नाही, केलं की सगळ्यांना कळतं तुम्हाला कॉपी होती ते.

पण खरे आभार त्यानंतरच्या संध्याकाळचे. परदेशातल्या खरेदीदाराचा एन्क्रिप्टेड, म्हणजे ज्याला पाठवला त्यालाच उघडेल असा कुलूपबंद, मेल आला होता, लॅब रिपोर्ट आणि कराराचा मसुदा, उत्तरही एन्क्रिप्टेडच द्यायचं होतं. मी सेंड दाबलं आणि आउटलूक अडलं, सीएंचं सर्टिफिकेट मिळत नाही म्हणालं, खाली एन्क्रिप्शनशिवाय पाठवायचं बटण. सात वाजलेले, शेवटची बस चुकणार, बोट माऊसवर होतं, फक्त तुम्हाला विचारावं म्हणून फोन केला. तुम्ही एवढंच म्हणालात, थांबा ताई, हात काढा.

मग समजावलंत. सर्टिफिकेट म्हणजे त्या माणसाचं डिजिटल ओळखपत्र, ज्याला पाठवायचं त्याच्या सर्टिफिकेटनं मेलला कुलूप लागतं, म्हणून आधी त्याच्याकडून डिजिटल सही केलेला मेल यावा लागतो आणि तो माणूस कॉन्टॅक्टमध्ये सेव्ह करावा लागतो. मॅक्रोनं गुपचूप घातलेल्या सीएंचं सर्टिफिकेट आपल्याकडं नव्हतंच. बरं, असतं तरी एन्क्रिप्टेड मेलमध्ये बीसीसीतल्या माणसाची खूण बऱ्याचदा मागं राहते, तो नीट लपत नाही. आणि समोरच्यानं भरवशानं कुलूप लावून पाठवलेलं, आपण तिसऱ्याला किल्ली द्यायची का, हे तुम्ही विचारलंत ते मला अजून आठवतं. मला तोपर्यंत हा फक्त कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम वाटत होता.

दुसऱ्या दिवशी मॅक्रो बदलून दिलात, मेल एन्क्रिप्टेड असेल किंवा फॉरवर्ड करायला बंदी असलेला असेल तर तो कोणालाच घालत नाही, आधी मला विचारतो. असा मेल शेठ माझ्याच टेबलावर येऊन वाचतात. आणि सेंट आयटम्समधला असा मेलसुद्धा कुलूपबंदच राहतो, कॉम्प्युटर फॉरमॅट केला आणि सर्टिफिकेटची किल्ली गेली तर आपलेच जुने मेल आपल्याला उघडत नाहीत, हे तर मी कुठंच ऐकलं नव्हतं. पासवर्ड घालून त्या किल्लीची फाईल पेनड्राईव्हवर काढून दिलीत. तो पेनड्राईव्ह शेठनी वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवलाय, पाणी पोचणार नाही तिथं.

पैसे विचारले तर चहा पाजा म्हणालात आणि चहाही उभ्याउभ्या घेतलात. आमच्या घरच्या रानातली हळद आईनं दळून ठेवलीय, किलोभर, रविवारी घेऊन येते. वहिनींना सांगून ठेवा.