तात्या, ते अर्धं पाऊल

तात्या,

पत्र लिहितेय म्हटल्यावर तुम्ही म्हणणार, "फोन मोडलाय व्हय गं?" फोनवर तुम्ही चौथ्या वाक्याला "बरं, ठेव" म्हणता. म्हणून हे जाहीर. आता चारचौघांत ऐकून घ्या.

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात मी पहिल्यांदा उभी राहिले ती हौशी स्पर्धेच्या रंगीत तालमीला. वय एकोणीस, संवाद तोंडपाठ आणि चेहरा पूर्ण अंधारात. दिवे तुमच्याकडे होते, पण तुम्ही वरून ओरडला नाहीत. शिडी उतरून आलात, चार बोटं डावीकडे सरकायला लावलंत आणि म्हणालात, "वर बघून उजेड हुडकू नको. गालाला ऊन लागलं की थांब." हजार वॅटच्या दिव्याची धग तेव्हा खरंच गालाला कळायची. आता एलईडी आलेत, उजेड भरपूर पण ऊब नाही. नव्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे आजीकडे बघावं तशी बघतात.

त्याच रात्री समोरच्याचं वाक्य सुरू झालं तरी मी उजेडात ठाण मांडून होते. नंतर बाहेर चहा पिताना तुम्ही म्हणालात, "दुसरा बोलाय लागला की अर्धं पाऊल मागं. अर्धंच हं. पुरी गेलीस तर लोकांना वाटतंय, बाई गेली." मला राग आला होता. मी नायिका होते ना!

पुढं मालिका मिळाली, खाष्ट सासूची. तिथं पाय कुठं ठेवायचा ते जमिनीवरची चिकटपट्टी सांगायची. गालाचं काम संपलं. कपिलतीर्थ मंडईत एका मावशीनं "सुनंला छळतीस, तुला मेथी न्हाई" म्हणून पेंडी खरंच मागं घेतली. पहिल्यांदा गंमत वाटली. मग मी तोंडाला स्कार्फ बांधायला लागले, मग जाणंच बंद केलं. तुम्ही एकदाच विचारलंत, "उद्या बाजारातली बाई करायची आली तर कुणाला बघून करशील?" दुसऱ्या दिवशी स्कार्फ घरी ठेवून गेले. त्या मावशीला सुट्टे पैसे देताना आधी तळहात कमरेला पुसायची सवय आहे. ती मी दोन नाटकांत वापरली, तिला अजून सांगितलेलं नाही.

पण आभार मानायचेत ते मालिका बंद पडली त्या वर्षाचे. पैसे अडकले होते, कुणाकडे ते सोडा. बाहेर सगळे "मॅडम, सेल्फी" म्हणत होते आणि घरी मी गॅसचं बुकिंग पुढं ढकलत होते. तुम्ही दारात येऊन म्हणालात, "गणपतीच्या सजीव देखाव्याला पोरांना शिकवणारं कुणीतरी पाहिजे. आपल्या तालीम मंडळाचीच पोरं हाईत." मी मनात म्हटलं, टीव्हीवरची बाई आता देखावा करणार! तरी आले, कारण नाही म्हणायची ऐपत नव्हती.

देखाव्यात आवाज आधीच ध्वनिमुद्रित असतो; पोरांनी नुसते ओठ हलवायचे. एका रात्रीत तोच प्रसंग पंधरा-वीस वेळा, रस्त्यावर माणूस मावत नाही, पलीकडच्या मंडळाचा स्पीकर वेगळाच. आवाज आपला नसला की हात, मान, पाठ किती खोटं बोलतात ते उघडं पडतं. मावळा झालेल्या पोराला त्याच्या छातीवरचा भार मानेत आणायला शिकवता शिकवता माझीच मान सैल झाली. विसर्जनानंतर मंडळानं पाकीट दिलं. त्यातले निम्मे तुमच्या वाटणीचे होते, हे मला दोन वर्षांनी दुसऱ्याकडून कळलं. यावर भांडायचं अजून बाकी आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासूनचं. सकाळी शेजारच्या खासबाग मैदानाच्या बाजूला तुम्ही गर्दीत उभे होता. मी आल्याबरोबर लोकांनी मोबाइल माझ्याकडे वळवले, कुणी म्हणालं, "दोन शब्द बोला." मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही दिसलात. काळ्या पडलेल्या भिंतीकडे बघत तुम्ही बोटांवर काहीतरी मोजत होता. दिवे असावेत, बहुतेक कोणता कुठं टांगलेला ते.

मी काही बोलले नाही. अर्धं पाऊल मागं आले.

रविवारी पाकिटाचा हिशेब घेऊन येतेय. काकूंना म्हणावं, भाकरी दोन जास्त टाका.

तुमची,
मंगळवार पेठेतली खाष्ट सासू