कालवांचा चुना

सिडनी,
रविवार

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

इथलं जुनं बांधकाम कसं आहे, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. आज ब्रिज स्ट्रीटवरच्या 'म्युझियम ऑफ सिडनी'त जाऊन आलो. पहिल्या गव्हर्नरचा बंगला इथेच होता. आता नुसता पाया उरलाय, तोही काचेखाली. गुडघे टेकून मी विटांचे थर बघत राहिलो. तुम्ही असता तर ओळंबा काढला असतात!

१७८८ साली हा बंगला बांधला जेम्स ब्लडवर्थ नावाच्या गवंड्याने, आणि तो कैदी होता. १७८५ मध्ये इंग्लंडात त्याला सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि कैदी घेऊन आलेल्या जहाजांच्या पहिल्याच ताफ्यातून तो इकडे आला. बरोबर आणलेल्या विटा होत्या पाच हजार, बाकीच्या इथेच पाडायच्या होत्या. माती चांगली मिळाली, भट्टीही लागली, पण चुन्याचा दगड कुठेच सापडेना. मग कालवांचे शिंपले गोळा करून भाजले. इथल्या मूळच्या गाडिगल लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीगसुद्धा भट्टीत गेले. त्यांना कुणी विचारलं नसणार, याचं मला फार वाईट वाटलं.

तरी चुना पुरेना. बहुतेक घरं मातीच्या गाऱ्यात बांधली, म्हणून भिंती जाड आणि बुटक्या ठेवाव्या लागल्या. पावसात सांधे धुऊन जायचे. विटा ओढायला जनावरं नव्हती. एका गाडीला बारा माणसं जुंपायची, खेपेला साडेतीनशे विटा, दिवसाला पाच खेपा. तुमच्या खांद्यावरचा घट्टा डोळ्यांसमोर आला.

आईला हे वाचून दाखवा. सॅरा बेलामी नावाची मुलगी त्याच ताफ्यात आली होती, तिलाही सातच वर्षांची शिक्षा. तिने आणि ब्लडवर्थने इथे संसार मांडला. आठ मुलं झाली, चारच जगली. त्याला १७९० मध्ये माफी मिळाली, पुढे सरकारी बांधकामावर देखरेखीचं कामही मिळालं. १८०४ मध्ये तो न्यूमोनियाने गेला तेव्हा सैनिकांनी मानाने त्याला निरोप दिला. पण मागे कर्ज ठेवून गेला. अर्धं शहर उभं करणाऱ्या माणसाच्या घरात चार पैसे नसावेत, हे मला पटतच नाही. सॅराने त्याच्यामागे जवळजवळ चाळीस वर्षं काढली, ती १८४३ मध्ये गेली.

बाबा, आजोबाही कालवांचाच चुना भाजायचे ना? त्यात गुळाचं पाणी किती घालायचे, ते नीट लिहून कळवा. आणि आपल्या विहिरीच्या कठड्याला तोच चुना असेल, तर धाकट्याला जवळून फोटो काढून पाठवायला सांगा. सांध्यात शिंपल्याचे पांढरे कण दिसतात का, ते मला बघायचंय.

तुमचा,
सुधीर